गाईडशिवाय उपनगर दर्शन: नवशिक्यांसाठी

पहिली सूचना मनाच्या तयारीची. फोर्टात पैसे भरून हेरिटेज वॉक केला म्हणजे मुंबई पाहून झाली, असं वाटत असेल तर ते डोक्यातून काढा. गेटवे ऑफ इंडिया पुरा झाला १९२४ साली. आमच्या अंधेरीत शंभरी गाठलेली वास्तू म्हणजे इतिहास नव्हे, रीडेव्हलपमेंटची केस.

दुसरी: रिक्षावाल्याला ‘लेणी बघायचीत’ असं सांगू नका. उपनगरात इतिहास शिल्लक आहे तो पत्त्यात. ‘महाकाली केव्हज रोड’ म्हटलं की तो मान हलवतो (उभी की आडवी, ते त्याच्या मर्जीवर). रोज त्या रस्त्याने ऑफिसला जाणाऱ्याला ‘केव्हज कुठे?’ विचारा. ‘हाच की केव्हज रोड!’ असं तो ठामपणे सांगेल. खचू नका, पुढे जात राहा. ती केव्हज म्हणजे कोंडिविट्याची १९ बौद्ध लेणी खरोखरच आहेत. त्यांतल्या नवव्या लेण्यात स्तूपाभोवती गोल भिंत आणि तिला जाळीच्या खिडक्या आहेत. गवताने शाकारलेली गोल झोपडी असावी तशी, पण सगळी अखंड दगडातली. तिथे दहा मिनिटं गप्प उभे राहा. सेल्फी नंतर.

गिल्बर्ट हिल रोडलाही हाच नियम. काळ्या बसाल्टचा सुमारे दोनशे फुटी सरळसोट कडा, वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास. भोवतीचा बराच डोंगर खडी होऊन गेला. माथ्यावर गावदेवीचं देऊळ आहे. पायऱ्या चढताना धाप लागली तर जिमची फी पाण्यात गेली असं समजा.

जोगेश्वरीचं लेणं सहाव्या शतकातलं, शंकराचं. आत अंधार, ओल आणि देवीपुढचा दिवा. बाहेर वस्ती पार डोक्यावर आलेली. दीड हजार वर्षांच्या शांततेत कुणाच्या तरी कुकरची शिट्टी ऐकू आली तर दचकू नका, डाळ शिजत असते.

आता बोरिवली. गाडी बोरिवलीचीच पकडा. विरार फास्टमध्ये घुसलात तर बोरिवलीला दारापर्यंत पोचता येणार नाही आणि आयता वसईचा किल्ला बघायचा योग येईल. मंडपेश्वर हेही शिवाचं लेणं. पोर्तुगीजांनी त्याचं चर्च केलं आणि शिल्पं होती त्या भिंतीवर क्रूस कोरला. वरच्या बाजूला त्यांच्या बांधकामाच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. इथे सोबतच्यांना सर्वधर्मसमभावावर भाषण देण्याचा मोह होतो. आवरा.

वाराची गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली, कारण नवशिके फसतात ते तिथेच. रविवारी बहुधा रेल्वेचा ब्लॉक. सोमवारी बोरिवलीचं नॅशनल पार्क बंद, म्हणजे आतली कान्हेरीची शंभरावर लेणीही बंद. मंगळवारची रजा टाका.