हातचा एक

आमच्या घराण्यात काड्या करण्याचं खातं आजवर मोठ्या आत्याकडे होतं. गेल्या जुलैत ते माझ्याकडे आलं. आत्याला त्यासाठी दमडीचा खर्च येत नसे. मला मात्र मुलुंड पूर्वेच्या स्टेशनरीच्या दुकानातून आइस्क्रीमच्या कोऱ्या काड्यांचं शंभराचं पुडकं रोख पैसे मोजून आणावं लागलं. ‘‘एवढं आइस्क्रीम कोण खाणार?’’ दुकानदाराने विचारलं. ‘‘आइस्क्रीम नाही, बेरीज आहे,’’ मी म्हटलं. त्यानंतर त्याने सुटे पैसे दोनदा मोजून दिले.

मी डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आजीच्या काळात याला पी.टी.सी. म्हणत, मग डी.एड. झालं, मग डी.टी.एड., आता डी.एल.एड. शिकवायचं तेच, क ला काना का. अक्षरं तेवढी आमच्या पदविकेत बदलत गेली. शेजारच्या काकूंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘अगंबाई, डी.एड. असतं अजून?’’ ट्राम असते का अजून, अशाच सुरात. त्यांचंही चुकलं नाही. एके काळी गल्लीबोळांत डी.एड.ची कॉलेजं निघाली होती. २०१२ नंतर शिक्षकभरतीला ओहोटी लागली आणि त्यांतल्या कित्येकांना कुलपं लागली. आता आधी टीईटी, मग टेट या परीक्षा, मग भरतीचं पवित्र पोर्टल आणि त्यातून कुणी तरलंच तर तीन वर्षं शिक्षणसेवक, महिना सोळा हजारांवर. काकूंना मी हे सगळं सविस्तर सांगितलं. त्यांनी ‘पवित्र’ या शब्दाला तेवढा नमस्कार केला.

तर या अभ्यासक्रमात आंतरवासिता नावाचं एक प्रकरण असतं. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार दोन वर्षांत मिळून वीस आठवडे खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांसमोर काढायचे. शब्द ऐकून बाबांनी, ‘‘जेवणाची सोय काय?’’ असं विचारलं. त्यांना ते वसतिगृह वाटलं होतं.

खऱ्या मुलांसमोर जाण्याआधी खोट्या मुलांसमोर जावं लागतं. याला सूक्ष्म अध्यापन म्हणतात. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अ‍ॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात ते काढलं. एका वेळी एकच कौशल्य घ्यायचं, आमच्याकडे सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं टीका ऐकायची, बारा मिनिटं पाठ पुन्हा बेतायचा, सहा मिनिटं पुन्हा शिकवायचं, सहा मिनिटं पुन्हा टीका. बेरीज छत्तीस. विद्यार्थी कोण? आम्हीच. वीस-बावीस वर्षांच्या बाया सात वर्षांच्या व्हायच्या आणि जुने हिशेब चुकते करायच्या. माझं ‘प्रबलन कौशल्य’ होतं, म्हणजे मुलाने उत्तर दिलं की ‘छान’, ‘शाब्बास’, ‘अगदी बरोबर’ असं म्हणत राहायचं. मी विचारलं, ‘‘सात अधिक पाच किती?’’ बोरिवलीहून तीन गाड्या बदलून येणारी आमची एक मैत्रीण पहिल्या बाकावर अंगठा चोखत बसली होती. ती म्हणाली, ‘‘टीचर, हिने माझा डबा खाल्ला.’’ मी म्हटलं, ‘‘शाब्बास.’’ तो पाठ मला पुन्हा घ्यावा लागला. दुसऱ्या खेपेला ती रडायला लागली, तेही इतकं खरंखुरं, की आमच्या मॅडमनी तिला पाणी दिलं आणि माझे दोन गुण कापले.

पण खरा दागिना म्हणजे पाठाचं टाचण. दागिना अशासाठी, की तो घालून मिरवायचा असतो आणि टोचतोही. टाचणाच्या वहीत आडवे रकाने असतात: अध्यापनाचे मुद्दे, शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, फलकलेखन, मूल्यमापन. त्याआधी उद्दिष्टं, पूर्वज्ञान, हेतुकथन. या सगळ्याचा मूळपुरुष जर्मनीचा हर्बार्ट. त्याने म्हणे पाठाच्या चारच पायऱ्या सांगितल्या होत्या, शिष्यांनी पाच केल्या. तो एक हातचा शिष्यांनी कुठून आणला, हे आमच्या पाठ्यपुस्तकात नाही.

यातला ‘विद्यार्थी कृती’ हा रकाना मला फार आवडतो. मराठी वाङ्मयात त्याची गणना व्हायला हवी, कथा या प्रकारात. ज्या मुलांना आपण पाहिलेलं नाही, ती पुढच्या मंगळवारी सकाळी काय बोलतील, हे आपण आदल्या शुक्रवारी रात्री लाल-निळ्या पेनाने लिहून काढतो. ‘विद्यार्थी कुतूहलाने साधनाचे निरीक्षण करतील.’ ‘विद्यार्थी एका सुरात उत्तर देतील : बारा.’ आमच्या टाचणांतली मुलं कधी शू करायला जात नाहीत. त्यांचं पेन्सिलचं टोक मोडत नाही. ती सतत कुतूहलाने काहीतरी करत असतात. एकदा मी गंमत म्हणून लिहिलं, ‘एक विद्यार्थी खिडकीबाहेर पाहील.’ मॅडमनी त्यावर लाल गोल केला आणि समासात लिहिलं, ‘का?’

माझा घटक होता दुसरीचा, हातच्याची बेरीज. आणि साधन हवं होतं ‘टाकाऊतून टिकाऊ’. हा आमच्याकडचा महामंत्र आहे. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या ताटवाट्यांवर आणि मखरांवर बंदी आली, तेव्हापासून थर्माकोल म्हटलं की मॅडम दचकतात, म्हणून पुठ्ठा. पुठ्ठ्याची दोन घरं केली, एक एककांचं, एक दशकांचं. त्यांना दारं, वर कौलं, दशकाच्या घराला गॅलरी. एककाच्या घरात सुट्या काड्या राहणार, दहा झाल्या की रबरबँड लावून गठ्ठा करायचा आणि तो गठ्ठा शेजारच्या घरात राहायला जाणार. घरं छान झाली. पण मॅडमनी काड्या हातात घेऊन उलटसुलट पाहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘या कोऱ्या आहेत. यात टाकाऊ काय?’’

घरी येऊन मी भावाला विनंती केली. त्याने दोन दिवसांत एकोणीस कुल्फ्या खाल्ल्या आणि तिसऱ्या दिवशी त्याला ताप आला. शेवटी आईने कोऱ्या काड्या चहाच्या चोथ्यात उकळून काढल्या. उन्हं नव्हतीच, म्हणून पंख्याखाली वर्तमानपत्रावर वाळवल्या. तीन पिढ्या वापरल्यासारख्या दिसू लागल्या. मॅडम प्रसन्न झाल्या. टाकाऊतून टिकाऊ करताना आधी टिकाऊचं टाकाऊ करावं लागतं, ही पायरी हर्बार्टच्या शिष्यांकडून राहून गेलेली दिसते.

रंगीत तालीम आजीसमोर. आजी ब्याऐंशी वर्षांची. जिल्हा परिषदा झाल्या त्याच सुमाराला, १९६२ च्या आगेमागे, ती संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीच्या शाळेत लागली. शाळेत ती एकटीच. चार इयत्ता एका खोलीत. पहिलीला पाटीवर गिरवायला द्यायचं, दुसरीला पाढे, तिसरीला शुद्धलेखन आणि चौथीला शिकवायचं. मी तिला सूक्ष्म अध्यापन समजावलं.

‘‘सहा मिनिटं? आणि मुलं किती?’’

‘‘आठ-दहा.’’

‘‘मला चार वर्ग आणि एक म्हैस,’’ आजी म्हणाली. ‘‘पावसात ती पडवीत यायची. पाढे सुरू झाले की ओरडायची. तेरापर्यंत काही म्हणायची नाही हो. चौदाला ओरडायची.’’

तिला मी पलंगावर विद्यार्थी म्हणून बसवलं. फळ्याच्या जागी कपाटाचा आरसा, खडूच्या जागी आईची जुनी लिपस्टिक. २७ अधिक १५. सुरुवात संख्यावाचनाने. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’बरोबर ‘वीस सात’ असंही वाचन आलं आणि त्यावरून महाराष्ट्रात पंधरा दिवस सगळे गणिती झाले होते. मुलांना दशक आधी ऐकू यावा, एवढाच त्यातला साधा हेतू. आपल्या मराठीत सात आधी येतात आणि वीस मागून. मी आजीला हे नीट सांगितलं. तिला पावकी, निमकी, औटकी अजून पाठ आहे. ती बराच वेळ गप्प राहिली.

‘‘म्हणजे मी ब्याऐंशीची नाही, ऐंशी दोनची?’’

‘‘हो.’’

‘‘बरं वाटतं गो ऐकायला. दोन वर्षं बाजूला काढून ठेवल्यासारखी.’’

मग तिने छडीचं विचारलं. मी सांगितलं, शिक्षणहक्काचा कायदा, कलम १७, शारीरिक शिक्षा नाही, मानसिक त्रासही नाही. ‘‘आम्ही तरी कुठे मारत होतो,’’ आजी म्हणाली. ‘‘नुसती टेबलावर ठेवलेली असायची.’’ जाता जाता तिने एकच सूचना केली : ‘‘एक गोष्ट हातची ठेव. सगळं आटपलं आणि घंटा झाली नाही, तर काय करशील?’’ ही सूचना आमच्या नऊशे रुपयांच्या संदर्भग्रंथात नाही.

त्याप्रमाणे मी बरंच काही हातचं ठेवलं. एक गोष्ट, चार खडू, आणि एक जादा ओढणी. आमच्या विद्यालयाच्या दारात सावित्रीबाईंचा फोटो आहे. अंगावर शेणचिखल फेकणाऱ्यांमुळे त्या शाळेत जाताना दुसरं लुगडं बरोबर नेत असत, हे आम्ही प्रत्येक तीन जानेवारीला भाषणात सांगतो. माझी ओढणी कांजूरमार्गला लोकलमध्ये चढणाऱ्या ओल्या छत्र्यांसाठी होती. कारणांमधला हा फरक लक्षात घेऊन मी तुलना इथेच थांबवते.

आंतरवासितेच्या पहिल्या दिवशी पावसाने सुट्टी जाहीर झाली. ती जाहीर झाली तेव्हा मी नाहूरला पोचले होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच धीमी गाडी, बायकांचा डबा, एका हातात टाचणवही आणि दुसऱ्या हातात गॅलरीसकट दशकाचं घर. भांडुपला गर्दी आत आली तेव्हा घराची कौलं करकरली. ‘‘अगं, वर धर, वर!’’ एक बाई ओरडली आणि तिनेच ते माझ्या हातातून घेऊन डोक्यावर उचललं. विक्रोळीला दाराकडे सरकायची वेळ झाली. मेट्रो आल्यापासून घाटकोपरला उतरावं लागत नाही, लोक उतरवतात. पण आधी दारापर्यंत पोचायला हवं. ‘‘ए, ते घर पुढे द्या, घाटकोपरला उतरायचंय त्याला!’’ आणि ते घर हातोहात, डोक्यांवरून, मोगऱ्याच्या गजऱ्यांवरून आणि एका निवडून ठेवलेल्या मेथीच्या पिशवीवरून दारापर्यंत गेलं. ते माझ्याआधी उतरलं. त्याला ओरखडा नव्हता. एककाचं घर मी काखेत धरलं होतं, ते चेपलं.

तिथून मेट्रोने दोन स्टेशनं, असल्फा. रंगवलेल्या घरांची टेकडी मेट्रोतून सुंदर दिसते. तिच्या पायथ्याशी उतरलं की रंग दिसत नाहीत, जिने दिसतात. शाळेत गेल्यावर कळलं, पहिलीच्या बाई मतदारयादीच्या कामाला गेल्यात, त्यामुळे आज पहिली दुसरीतच बसेल. कायद्यात तीस मुलांमागे एक शिक्षक आहे. मी मोजली, सत्तेचाळीस होती. चाळीस सात. मागच्या बाकावर गुडघे वर करून आमच्या मॅडम निरीक्षण तक्ता घेऊन बसल्या, त्या धरल्या तर आठ.

हेतुकथन झालं. घरं पाहून मुलांनी कुतूहलाने निरीक्षण केलं, म्हणजे तिघांनी दशकाच्या गॅलरीत बोट घातलं. मी गटागटांत काड्या वाटल्या. सात काड्या, पाच काड्या, मोजा. बारा! एका सुरात! मला टाचणाची वही छातीशी धरावीशी वाटली. मग दहांना रबरबँड लावला, गठ्ठा तळहातावर घेतला आणि मुठीत धरून उंच केला.

‘‘बारातले दोन इथे लिहिले. आणि हा आपला हातचा एक.’’

दुसऱ्या रांगेतला एक मुलगा, शर्टाची वरची दोन बटणं नसलेला, उभा राहिला.

‘‘टीचर, एक कुठे आहे? दहा आहेत.’’

मी मुठीकडे पाहिलं. दहाच होत्या. गेली पंधरा वर्षं मी ‘हातचा एक’ म्हणत आले, दहावीला गणितात नव्वदच्या वर गुण मिळवले आणि मुठीतल्या त्या एकाकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं. ‘विद्यार्थी कृती’च्या रकान्यात याला जागाच नव्हती. मागे मॅडमचं पेन थांबलेलं मला दिसलं.

‘‘गठ्ठा एक आहे,’’ मी म्हटलं. ‘‘काड्या दहा आहेत.’’

तो गठ्ठ्याकडे पाहत राहिला. ‘‘मग ‘हातचा गठ्ठा’ बोला ना.’’

प्रबलन कौशल्यातला एकही शब्द मला वेळेवर आठवला नाही. मी फक्त ‘‘बरं,’’ म्हटलं आणि उरलेला तास आम्ही सगळे ‘हातचा गठ्ठा’ बोललो. तेवढ्यात पहिलीतल्या एका मुलीने विचारलं, ‘‘टीचर, हातचा घेतला की परत द्यायचा असतो ना?’’ मी घाईत ‘‘हो हो, द्यायचा,’’ म्हणून पुढे गेले. वजाबाकीचं बघू नंतर, असं मनात म्हटलं. आजीची हातची गोष्ट लागलीच नाही, घंटाच आधी झाली.

काड्या गोळा करून मोजल्या तर सत्त्याण्णव भरल्या. नव्वद सात. मॅडमनी तक्त्यात शेरा दिला, ‘साधन उत्तम. मोजून घ्यावे.’ आणि विद्यार्थी प्रतिसादासमोर नुसतं एक उद्गारचिन्ह काढलं. ते चांगलं की वाईट, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती पहिलीतली मुलगी जिन्यात माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिने मूठ उघडली. दोन काड्या होत्या. माझ्या चहाच्या रंगाच्या नव्हेत, टोकाला गडद नारिंगी, अजून चिकट.

‘‘टीचर, तुमचा हातचा,’’ ती म्हणाली. ‘‘तुमच्यावाल्या भावाने तोडल्या. एक बाकी आहे. आज आईने पाच रुपये नाही दिले.’’