माहितगार

काही माणसं प्रवासाला जातात ती बघायला नव्हे, तपासायला. डोंगर पुस्तकात दिलेल्या जागीच आहे, धबधबा छापलेल्या उंचीवरूनच कोसळतोय, एवढी खातरजमा झाली की त्यांची सहल सुफळ संपूर्ण. माझ्या बायकोचे मामा, म्हणजे आमचे नाना, याच पंथाचे. त्यातून पाटबंधारे खात्यात हयात गेलेली. त्यामुळे गळक्या नळापासून प्रशांत महासागरापर्यंत पाण्याच्या कुठल्याही बाबतीत शेवटचा शब्द त्यांचा.

हवाईच्या मोठ्या बेटावर, कोनाच्या किनाऱ्यावर, रात्री समुद्रात तरंगत मांटा बघायचे असं ठरलं आणि नानांनी विमानातच अभ्यास पुरा केला.

"मांटा म्हणजे आपल्या पाकटाचा थोरला भाऊ. पण याच्या शेपटीला काटा नसतो, तेव्हा भिण्याचं कारण नाही." हे माईंना, म्हणजे आमच्या मामींना, उद्देशून. माई निवांत शेंगदाणे खात होत्या. "पंखांचा विस्तार दहा-बारा फूट. दात फक्त खालच्या जबड्यात, तेही नावाला. खाणं म्हणाल तर प्लवक."

"तुमचं विचारतेय ती," माई म्हणाल्या. हवाईसुंदरी जेवणाची गाडी घेऊन केव्हाची उभी होती.

केआउहोऊच्या धक्क्यावर वेटसूट मिळाले. चेन पाठीमागे घ्यायची, असं गाइड मुलीने दोनदा सांगितलं. "बटणं पुढेच असतात," असं म्हणत नानांनी ती पुढे घेतली आणि दोन खलाशांनी मिळून त्यांना पुन्हा सोलून काढलं.

बोट निघाली. सूर्य बुडाला. अंधार वाढू लागला तसे नानांचे आकडेही वाढू लागले. इथल्या कड्यावरच्या एका हॉटेलाने १९७०च्या दशकात समुद्रावर दिव्यांचे झोत सोडले. उजेडाला प्लवक जमलं, प्लवकामागे मांटा आले. "ट्यूबलाइटखाली पाखरं आणि पाखरांमागे पाल, दुसरं काय!" मांटाला थांबता येत नाही, थांबला तर कल्ल्यांतून पाणी वाहायचं थांबेल. हे सांगताना नाना स्वतः श्वास घ्यायलाही थांबले नव्हते. सन २००९पासून हवाईत मांटा पकडणं किंवा मारणं गुन्हा आहे, असं गाइड म्हणाली, तर नानांनी कलम विचारलं.

"घाबरलेत," माई माझ्या कानात म्हणाल्या. "माझ्या पहिल्या बाळंतपणात दवाखान्याच्या व्हरांड्यात नर्सला कोयनेची साठवणक्षमता सांगत होते."

मग गाइडने प्रत्येकाच्या तोंडात स्नॉर्कलची नळी दिली. नानांना गप्प करण्याचं साधन मानवाने शोधलं आहे आणि ते रबराचं आहे, हे मला त्या क्षणी समजलं. माईंकडे पाहिलं. त्यांनी ती नळी कुठे विकत मिळते, अशी खूण केली.

पाण्यात एक लांबट तराफा होता. त्याला कडेने दांडे आणि पोटाला प्रखर दिवे. दांडा धरायचा, घोट्यांखाली फोमचा दंडगोल सरकवायचा आणि पालथं पडून राहायचं. पोहायचं नाही, हात लावायचा नाही. मांटाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, स्पर्शाने तो निघतो. नानांनी नळीतूनही व्याख्यान चालू ठेवलं. "हूऽ हूऽ हुप्." मला त्यातलं 'प्लवक' तेवढं कळलं.

आणि खालच्या काळोखातून तो आला. आधी नुसती एक फिकट रुंदी, मग पांढरं पोट, पोटावरचे काळे ठिपके. या ठिपक्यांची ठेवण प्रत्येकाची वेगळी. त्यावरूनच इथल्या मांटांना ओळखतात आणि नावंही ठेवतात. मोटारीच्या डिकीसारखं तोंड वासून तो सरळ आमच्याकडे चढत आला आणि नाकापासून वीतभर अंतरावर उलटी कोलांटी घेऊन खाली गेला. पुन्हा आला. मग दुसरा आला. मी मोजायचं विसरलो, सलग दोन विचारही करायचे विसरलो. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की शेजारची "हूऽ हूऽ" पहिल्याच कोलांटीला बंद पडलीय.

बोटीवर गरम चॉकलेटचे पेले आले. नळी निघाली आणि तुंबलेलं सगळं बाहेर पडलं. पाण्यातून आत्ताच वर आलेल्या माणसांना नानांनी पाण्यात काय झालं ते समजावून सांगितलं. टेक्ससच्या एका जोडप्याला कोलांटीचं कारण मिळालं: प्लवकाचा दाट थर सोडून पुढे जावं लागू नये म्हणून मांटा जागच्या जागी फिरतो. जोडपं थंडीने कुडकुडत ऐकत होतं.

मग ते माईंकडे वळले. "तुझ्या ध्यानात आलं नसेल, पण दुसऱ्याच्या पोटावर—"

"मला सगळं दिसलं," माई म्हणाल्या. "तुम्हीच डोळे घट्ट मिटून घेतले होते. मी दोनदा चिमटा काढला."

नानांनी पेला खाली ठेवला. क्षणभर विचार केला.

"वक्रीभवन!" ते म्हणाले. "पाण्यात प्रकाशाचं वक्रीभवन होतं. उघडे डोळेसुद्धा मिटल्यासारखे दिसतात."

आणि कुणी काही विचारलेलं नसताना, टेक्ससच्या जोडप्याकडे वळून त्यांनी हेच इंग्रजीत पहिल्यापासून सांगायला घेतलं.