खानाला कसली घाई!

आमच्या नानांना चिंचवडमध्ये पत्ता विचारू नये. त्या कुरिअरवाल्या पोराने एवढंच विचारलं होतं, बँक कुठेय? नानांनी त्याला चापेकर चौकात उभं केलं आणि सुरुवात केली ती थेट १८९७पासून. "२२ जून. रँडला गोळी घातली गणेशखिंडीत, म्हणून पुणेकर मिरवतात. पण पोरं कुठली? दामोदर, बाळकृष्ण, वासुदेव. तिघं सख्खे भाऊ, तिघंही फासावर गेले. चिंचवडची पोरं! लिहून घ्या." पोरगं हेल्मेट काखेत धरून ऐकत राहिलं. बँक त्याच्या पाठीमागेच होती.

कंपनीत जन्मभर पाळ्या करून निवृत्त झालेले नाना आता इतिहासात जनरल शिफ्टला असतात. खांद्याला शबनम, तीत कात्रणांची फाइल. समोरच्याकडे पेन नसतं हे ठाऊक असल्याने "लिहून घ्या" म्हणताना स्वतःचंच पुढे करतात आणि आठवणीने परत घेतात.

पुण्याशी त्यांची भाऊबंदकी आहे. (काकूंचं माहेर सदाशिव पेठेतलं, तो विषय घरात काढायचा नाही.) टीव्हीवर मुंबईचं विसर्जन लागलं आणि 'मोरया' घुमलं की आवाज वाढवून म्हणणार, "आमच्या गावातल्या माणसाला हाका मारतायत बघा!" मोरया गोसावींची समाधी पवनेकाठी, नानांच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर, त्यामुळे संबंध अगदी घरगुती. फक्त समाधीचं साल विचारू नये. त्यावर अभ्यासकांचंच एकमत नाही, आणि त्यापायी कट्ट्यावरच्या एका जुन्या मित्राशी नानांचा अबोला आहे.

नातवाला डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहून दिलं, तर नाना त्यांनाच म्हणाले, "पेनिसिलिनचा सरकारी कारखाना १९५४ साली आमच्या पिंपरीत निघाला. पुण्याला मिळाला का?" डॉक्टर नेमके पुण्याचे.

मात्र १८ एप्रिलला नाना वेगळे असतात. १८९८ साली याच तारखेला दामोदर चापेकरांना येरवड्यात फाशी झाली. त्या दिवशी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून चापेकर वाड्यावर जाऊन येतात आणि दिवसभर कुणालाही काही लिहून घ्यायला सांगत नाहीत.

परवा लग्नाला निघालो, तर चाकणला तळेगाव चौकात गाडी अडकली. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, कंपन्यांच्या बस आडव्या. सगळे वैतागले, नाना खुलले. "साल १६६०. शाइस्तेखान एवढी फौज घेऊन आला, पण फिरंगोजी नरसाळ्यांनी त्याला इथेच संग्रामदुर्गापाशी पन्नासहून जास्त दिवस अडकवून ठेवला. शेवटी भुयार खणून, सुरुंग लावून बुरूज उडवावा लागला त्याला. आणि तुम्ही तासाभरात कंटाळलात?"

मागच्या सीटवरून काकू म्हणाल्या, "खानाला मुहूर्त गाठायचा नव्हता."