बॉनेट उघडलं की

आपल्या म्हणींत भरवशाला फारसा मान नाही. म्हैस भरवशाची निघाली की तिला हमखास टोणगा होतो. सातारा-सांगलीकडच्या माणसांनी हे सत्य जीपगाड्यांच्या बाबतीत फार आधी पचवलेलं दिसतं. तिकडे कुणाला ‘गाडी कशी आहे?’ असं विचारून पाहा. ‘कधी बंद पडत नाही’ असं कुणी म्हणायचं नाही. तसं म्हणणं म्हणजे दृष्ट लावून घेणं. उत्तर येतं ते असं : ‘पडती की बंद. पर कुटंबी चालू हुती.’ या वाक्यातला अभिमान कळायला मला बरीच वर्षं लागली. तक्रार आणि कौतुक एकाच दमात करायची ही रीत आपण एरवी घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी राखून ठेवलेली असते.

तशी जीप वयानं वडीलधारीच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार झाल्या, त्या रणांगणावर मोडतील हे गृहीत धरूनच. दोन-चार पान्यांत कुणाही शिपायाला उघडता याव्यात, एकीचा भाग काढून दुसरीला बसवता यावा, अशी त्यांची घडण. युद्धानंतर महिंद्रांनी विलीजच्या जीपगाड्यांची जुळणी मुंबईत सुरू केली आणि हळूहळू हे लढाऊ वाहन आपल्या तालुक्यांत येऊन नोकरीला लागलं. कुठे ते मामलेदाराच्या हाताखाली गेलं, कुठे बीडीओच्या, तर कुठे साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर जिचे पूर्वज उतरले होते, ती कृष्णाकाठी उसाच्या नोंदी घेत हिंडू लागली. तिनं कधी कुरकुर केली नाही असं मात्र नाही. पेट्रोल जीप उन्हाळ्यात पसरणीचा घाट चढताना मध्येच उसासा टाकून थांबे. तापलेल्या नळीतल्या पेट्रोलची वाफ झालेली असे. मग ड्रायव्हर शांतपणे उतरायचा, पंपावर ओलं फडकं टाकायचा आणि विडी पेटवून बॉनेटपासून चार हात लांब उभा राहायचा. खालची वाई मी नीट पाहिली ती अशा थांब्यांवरूनच. गाडी भरवशाची असती, तर कृष्णा एवढी सुंदर वळते हे मला कळलंच नसतं.

पुढे कमांडर आणि ट्रॅक्स या गाड्या आल्या आणि वडापाचं, म्हणजे माणसं भरून धावणाऱ्या खासगी जीपगाड्यांचं, राज्य सुरू झालं. कराड-ढेबेवाडी असो की शिराळ्याकडची वाट, वडापच्या जीपमध्ये जागा संपली असं कधी होत नसे. ‘सरका की जरा’ एवढ्या दोन-तीन शब्दांवर भूमितीचे नियम वाकत. ड्रायव्हर स्वतः अर्ध्या बुडावर, उरलेला अर्धा दाराबाहेर. गिअरचा दांडा भलत्याच माणसाच्या गुडघ्यांमध्ये, आणि तो माणूस सवयीनं योग्य वेळी पाय बाजूला घेणारा. गाडी बंद पडली की हेच प्रवासी बिनतक्रार खाली उतरून धक्का देत. पैसे देऊन गाडीत बसायचं आणि वर तीच ढकलायची, यात कुणाला विसंगती दिसत नसे. उलट, ढकलल्यावर इंजिन धरलं की सगळ्यांच्या चेहऱ्यावर आपलंच लेकरू पास झाल्याचं समाधान असे.

या मुलखात गाडी टिकवणं सोपं नाहीच. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि माण, आटपाडी, जत पाचशेच्या आसपास पावसावर वर्ष काढतात. त्यामुळे गाडीचे आजारही तालुक्यागणिक बदलतात. जावळी-पाटणकडे पत्रा गंजतो आणि ओढा ओलांडला की ब्रेकचे ड्रम ओले होऊन ब्रेक लागेनासे होतात. मग ड्रायव्हर ब्रेकवर हलका पाय ठेवून थोडं अंतर जातो, ते सुकवण्यासाठी. जतकडे धूळ इतकी, की जुन्या गाड्यांच्या एअर फिल्टरमधलं तेल, जे धूळ धरून ठेवण्यासाठीच असतं, त्याचा चिखल होतो. तिकडे रेडिएटर उकळतो, तेव्हा माणसापेक्षा आधी गाडीला पाणी मिळतं, आणि त्याबद्दल माणूस काही बोलत नाही.

या सगळ्या आजारांना उतारा म्हणजे नाक्यावरचा मिस्त्री. त्याचं औषधशास्त्र निम्मं स्वयंपाकघरातून आलेलं. रेडिएटर झिरपतोय, टाक हळद. डिझेलची टाकी चिरलीय, घास अंगाचा साबण. फॅन बेल्ट तुटलाय, तर जे मिळेल त्याचं वेटोळं करून निदान पुढच्या गावापर्यंत चल. पण त्याची खरी विद्या कानात. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर तार छेडून डोळे मिटतो, तसा हा स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावतो आणि क्षणभर कुठेतरी निघून जातो. परत येतो तो निदान घेऊनच : ‘काय न्हाई झालं. एअर धरलीया.’ मग नट सैल करायचा, हातपंप मारायचा, डिझेलमधले बुडबुडे संपेपर्यंत वाट पाहायची. ‘काय न्हाई झालं’ हे त्याचं वाक्य मी मोठमोठ्या डॉक्टरांच्या तोंडी ऐकायला आतुर असतो. ते तपासण्या लिहून देतात.

हे कसब या मातीत उगाच आलेलं नाही. बेळगावात सायकली विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना उभारला. लोखंडी नांगर करणारी ही किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. तिच्या शेजारच्या कडेगाव तालुक्यातलं देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. याच देवराष्ट्र्यात दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जोडून, साठेक हजार रुपयांत, एक छोटी जीप उभी केली. मोटारसायकलसारखी किक मारून सुरू होणारी आणि डावीकडून चालवायची. 2021 च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी ती पाहिली, ती कुठल्याच नियमात बसत नाही हे हसत मान्य केलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी 2022 मध्ये अदलाबदल झाली. मला राहून राहून त्या बोलेरोबद्दल कुतूहल वाटतं. ज्यांनी गाडीचा प्रत्येक नट स्वतः शोधून आणला, त्यांच्या दारी आता ठरावीक किलोमीटरला सर्व्हिसिंग मागणारी गाडी उभी. रात्री जेवण झाल्यावर तिचं बॉनेट उघडून पाहायचा मोह त्यांना होत नसेल, यावर माझा विश्वास नाही.

कारण आताची बॉनेटं उघडली तरी फारसं काही सांगत नाहीत. आत काळ्या प्लास्टिकचं झाकण, त्याखाली आणखी एक. एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या नियमांनी नव्या डिझेल गाड्यांचा धूर कमी झाला, घाटातली हवा स्वच्छ झाली, याबद्दल आनंदच आहे. पण त्यांतल्या बऱ्याच गाड्यांत काजळी अडवणारी एक गाळणी असते आणि ती साफ व्हायची तर गाडी काही काळ सलग वेगात पळवावी लागते. म्हणजे बामणोलीच्या वळणावळणांसाठी घेतलेली दणकट गाडी अधूनमधून पुणे-बंगळुरू महामार्गावर फिरायला न्यायची, तिला मोकळं वाटावं म्हणून. आमचा मिस्त्री हे ऐकून बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘म्हंजी म्हैस डुंबायला न्यायची तसंच की.’ त्याला नवं यंत्र कळलं होतं. फक्त त्याचा पाना तिथवर पोचत नव्हता.

कमी बंद पडणारी गाडी चांगलीच. पण डोंगरातली आणि माळावरची गाडी भरवशाची ठरते ती दोघांमुळे, एक ती स्वतः आणि दुसरा तिला ओळखणारा माणूस. तेव्हा नवी गाडी घ्यायच्या विचारात असाल, तर अ‍ॅव्हरेज विचारा, हप्ता विचारा, रंगही घरच्यांना विचारा; पण पैसे भरण्याआधी ती एकदा गावच्या मिस्त्रीसमोर उभी करून बॉनेट उघडा. तो आत डोकावून ‘हुईल की’ म्हणाला, तर खुशाल घ्या.