शिळ्या उन्हाची अंघोळ

गच्चीवर सोलर बसवलेल्या सोसायटीत सकाळची अंघोळ होते ती आदल्या दिवशीच्या उन्हाने. सहा वाजता सूर्याचा पत्ता नसतो, आणि नळाला पाणी मात्र त्याने तापवलेलं. शिळ्या पोळीला फोडणी देऊन ती ताजीपेक्षा चवीने खाणाऱ्या आपल्या लोकांना शिळं ऊन गोड लागावं, यात नवल नाही.

हे ऊन रात्रभर टिकवणं सोपं नव्हतं. 1891 साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या क्लॅरन्स केम्पने 'क्लायमॅक्स' नावाच्या सोलर हीटरचं पेटंट घेतलं. काच लावलेल्या लाकडी पेटीत काळ्या रंगाच्या टाक्या, एवढंच ते यंत्र. उन्हाळ्यात बायको हवापालटाला गेल्यावर घरी एकटे उरणारे नवरे, हे त्याने धरलेलं पहिलं गिऱ्हाईक. पाणी तापवणं नवऱ्यांना जमायचं नाही, याबद्दल बाल्टिमोर आणि बार्शी यांचं एकमत दिसतं. पण ती पेटी उघड्यावर, त्यामुळे रात्रीत पाणी गार. 1909 च्या सुमारास कॅलिफोर्नियात विल्यम बेलीने टाकी वेगळी काढली, तिला जाड आवरण घातलं आणि नाव ठेवलं 'डे अँड नाइट'. आपल्या गच्चीवरचा सोलर त्याच घराण्यातला. तापलेलं पाणी हलकं होऊन आपसूक वरच्या टाकीत चढतं, गार पाणी खाली उतरतं. ना पंप, ना वीज, ना आवाज. इतकं निमूटपणे काम करणारं सोसायटीत दुसरं कुणी नाही.

भांडणं असतात ती टाकीच्या खाली. वरच्या मजल्यावर नळ सोडला की गरम; पहिल्या मजल्यावर आधी पाइपातलं गार पाणी निघून जाईपर्यंत उघड्या अंगाने कुडकुडत उभं राहायचं. शिवाय टाकीतून गरम पाणी काढलं की तेवढंच गार पाणी आत शिरतं. लवकर उठणाऱ्याला आरोग्य-संपत्ती मिळो न मिळो, कढत पाणी नक्की मिळतं. नवाला उठणाऱ्याच्या नशिबी कोमट. चौघांच्या घराला 100 लिटर, हा हिशोबच मुळी बादली-तांब्याचा. साठ अंशांच्या पाण्यात विसण घातलं की अर्ध्या बादलीत एक अंघोळ उरकते. शॉवरखाली दोन कडवी म्हणणाऱ्याला त्यात जागा नाही.

ऋतूंचंही तसंच. मे महिन्यात गार पाण्याचा नळसुद्धा चटके देतो, तेव्हा सोलर नुसता उकळत असतो; आषाढात गरज पडते तेव्हा ढगांकडे बघत बसतो. त्याचा खरा शत्रू मात्र ढग नव्हे, टँकरचं पाणी. आमच्या प्लंबरने एकदा कापलेला तांब्याचा पाइप दाखवला. आत पांढऱ्या क्षाराचा एवढा थर, की त्यातून काडी जाईना. "सूर्याला काय झालंय साहेब? पाइप बघा," एवढंच बोलून तो पाना शोधायला लागला.

आता 2024 पासून सूर्यघर योजनेचं अनुदान आल्यावर विजेच्या पॅनेलांना गच्ची हवी आहे, आणि सभेत कुणीतरी म्हणतंच, ते जुनं सोलर भंगारात घाला. पॅनेलं जरूर बसवावीत. पण ती उन्हाचा जेमतेम पाचवा हिस्सा विजेत उतरवतात. पाणी तापवणारा सोलर धड असेल तर निम्म्याच्या आसपास ऊन पाण्यात उतरवतो. उन्हाची वीज करायची, मग गीझर लावून त्या विजेची पुन्हा उष्णता करायची, हा द्राविडी प्राणायाम निदान अंघोळीसाठी तरी नको.

तेव्हा तसा ठराव मांडण्याआधी एकदा गच्चीवर जा, काचांवरची धूळ पुसा, पाइपांतला क्षार काढून घ्या. आणि पहिल्या मजल्यावरच्यांनी ती सुरुवातीची गार बादली सोडून न देता विसणाला ठेवावी.