टेपकाका

टेपकाका नवीन वस्तू घेण्याच्या विरुद्ध मुळीच नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच, की आधीची मेलेली असावी. आणि ती मेली की नाही हे ठरवायचा अधिकार घरात त्यांच्याकडे असतो. लॅपटॉपच्या चार्जरची वायर पिनेपाशी सोलली, आतली तांब्याची जाळी डोकवायला लागली, दिवा लहर येईल तसा लागू-विझू लागला, तरी काकांच्या लेखी चार्जरला काहीही झालेलं नसतं. "अरे, नुसतं कातडं गेलंय," एवढं बोलून ते ड्रॉवरकडे वळतात. घरातले बाकीचे एकमेकांकडे बघतात आणि गुपचूप आपापले फोन चार्जिंगला लावून घेतात. तासाभरात एमसीबी पडली तर निदान फोन तरी चालू असावेत.

ही जात पुण्यात, नाशकात, नागपुरात सगळीकडे सापडते, पण तिची जयपुरी शाखा मुद्दाम जाऊन बघावी अशी आहे. अठराव्या शतकात मराठी माणूस जयपूरला जायचा तो खंडणी वसूल करायला. १७८७ साली तुंग्याच्या लढाईनंतर खुद्द महादजी शिंद्यांना माघार घ्यावी लागली. विसाव्या शतकात तो गेला तो बँकेतून नाहीतर महालेखाकार कार्यालयातून, लोकांचे हिशेब तपासायला, आणि परत आलाच नाही. मानसरोवरला नाहीतर मालवीय नगरला घर बांधलं, मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीचं तबक धरलं, बायकोशी मराठीत, भाजीवाल्याशी हिंदीत आणि वायरींशी दोन्ही भाषांत बोलू लागला. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसने शाल दिली. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या पैशाने सोल्डरिंग आयर्न आणलं.

ड्रॉवरमध्ये काय नाही ते विचारा. काळी, लाल आणि पिवळी टेप. संपलेल्या बॉलपेनांच्या स्प्रिंगा. काकूंच्या मशिनीचं रीळ, जे काकू गेली काही वर्षं शोधतायत. सायकलच्या ट्यूबचे तुकडे, मेलेल्या चार्जरांचे डबे, त्यांच्या पिना वेगळ्या डबीत, आणि एक मल्टिमीटर, ज्याच्या स्वतःच्या वायरींना टेप आहे.

वायर मानेपाशीच का फाटते, हे काकांना तोंडपाठ आहे आणि ते तुम्हाला ऐकावं लागतं. चार्जरच्या वायरीत बहुधा दोन तारा शेजारी-शेजारी नसतात. एक मधोमध, तिच्यावर आवरण, त्यावर बारीक तांब्याच्या केसांची जाळी, ती दुसरी, आणि सगळ्यात वर कातडं. पिनेतून किंवा डब्यातून वायर बाहेर पडते तिथे टणक एकदम संपतं आणि मऊ सुरू होतं, म्हणून सगळं वाकणं त्या एका जागी येतं. ते विभागलं जावं यासाठी तिथे खाचांची रबरी नळी असते. "रोज एकाच जागी वाकवलं तर लोखंडाची तारसुद्धा तुटते," काका म्हणतात, आणि हे सांगता-सांगता हातातला चार्जर गुंडाळत असतात.

खरी मेख इथे आहे. काका नीटनेटके आहेत. मुलगा कामावरून उठला रे उठला की काका त्याचा चार्जर उचलतात आणि वायर डब्याभोवती राजपुती साफ्यासारखी आवळून-आवळून बांधतात, शेवटचं टोक खोचतात आणि लांबून एकदा बघतात. ती बिचारी मानेपाशी काटकोनात मुडपली जाते. रोज. सैल वेटोळं करावं आणि डब्यापाशी वीतभर वायर मोकळी सोडावी, एवढ्याने चार्जर लॅपटॉपाहून जास्त जगतो. पण सैल वेटोळं काकांना बघवत नाही. त्यांच्या घरातल्या वायरी फाटतात त्या काकांच्या शिस्तीमुळे, हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. बोलायची छाती कुणाची नाही.

उपचाराची पहिली पायरी टेप. ही पायरी पुण्यात खपून जाते. जयपूरला मे महिना असतो. पारा ४४-४५ वर गेला की टेपचा डिंक पातळ होऊन कडेने बाहेर येतो, पट्टी आपली जागा सोडून घसरू लागते, आणि एखाद्या संध्याकाळी आँधी आली की सगळी वाळवंटी धूळ त्या डिंकावर येऊन बसते. जूनपर्यंत चार्जरला लव फुटलेली असते. मुलगा सीतापुऱ्यातल्या ऑफिसात मीटिंगमध्ये बसतो तेव्हा चार्जर, वही आणि उजव्या हाताची तीन बोटं एकमेकांना चिकटलेली असतात.

"टेप चुकीची नव्हती, हवा चुकीची होती," असा निकाल देऊन काका दुसऱ्या पायरीवर जातात. तिथे त्यांच्यामागे साक्षात जयपूर फूट उभा असतो. १९६८ साली सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबराचा तो पाय घडवला, अनवाणी चालता येईल, शेतात उतरता येईल, मांडी घालून बसता येईल असा. पुढे १९८१ मध्ये डॉ. सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हे सगळं काका छाती पुढे काढून सांगतात, जणू तेव्हा रबर यांनीच आणून दिलं होतं. "ज्या गावात रबराच्या पायावर माणूस चालतो, त्या गावात रबराच्या पट्टीवर चार्जर चालणार नाही?" आणि सायकलच्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी ताणून-ताणून मानेवर चढते. आता जयपूर फूट रुग्णांच्या पायात घालून, त्यांच्या तक्रारी ऐकून, पुन्हा-पुन्हा बदलत तयार झाला. इथे रुग्ण मुलगा आहे आणि त्याची तक्रार ऐकून घेण्याची पद्धत घरात नाही.

पण ट्यूबची पट्टी, खरं सांगायचं तर, वाईट नव्हती. ती वाकते. काकांनी तिथेच थांबायला हवं होतं.

ते थांबले नाहीत, कारण त्याच आठवड्यात काकूंची लाखेची बांगडी तडकली. त्रिपोलिया बाजारातून आत वळलं की मणिहारों का रास्ता लागतो. तिथे कारागीर शेगडीवर लाख तापवून, साच्यावर फिरवून, तुमच्या डोळ्यांदेखत मापाची बांगडी करून देतात. काकू बांगडी घेतात, काका शेगडीकडे बघत उभे राहतात. लाख ही विजेच्या जुन्या कामातली आवरणाची वस्तू, आणि लिओ बेकलंडने १९०७ साली बेकलाइट शोधलं ते लाखेला पर्याय हुडकता-हुडकता, एवढी माहिती काकांच्या गाठीला होती. ती नसती तर बरं झालं असतं.

"अहो, माझी बांगडी कुठे गेली?" काकूंनी विचारलं तेव्हा बांगडी गॅसवर, चहाच्या गाळण्यात होती.

तयार झालेला चार्जर मी हातात घेऊन पाहिलाय. पिनेच्या मागे अंगठ्याएवढा गुलाबी गोळा, त्यावर काकांच्या बोटांचे ठसे आणि मधूनमधून बांगडीवरचे बारीक आरसे. प्रकाशात धरला की भिंतीवर कवडसे पडायचे. ऑफिसात एका बाईंनी मुलाला विचारलं, "बहुत सुंदर है, हैंडीक्राफ्ट है क्या? कहाँ से लिया?" त्या बिचाऱ्याने जोहरी बाजाराचं नाव सांगून वेळ मारून नेली.

लाख वीज अडवते, पण वाकत नाही. चौथ्या दिवशी गोळा तसाच राहिला आणि वायर गोळ्याच्या अलीकडे फाटली. इथे काकांना एक मोठा नियम कळायला हरकत नव्हती: दुरुस्तीने एक जागा टणक केली की वाकणं पुढच्या जागेवर जातं. टेपचे थर चढवा, गोंद थापा, पेनची स्प्रिंग आवळून बसवा, मान सरकते, एवढंच. उपाय करायचाच तर तो उतरता हवा, म्हणजे मुळाशी जाड आणि पुढे हळूहळू पातळ होत जाणारा. शिवाय मऊ. सिलिकॉनची स्वतःलाच चिकटणारी टेप मिळते, तिच्यात डिंक नसल्याने जयपूरच्या उन्हाचा तिला त्रास नाही. काकांनी ती पाहिली, किंमत विचारली आणि परत ठेवली.

त्यापेक्षा त्यांनी कापायचं ठरवलं. फाटलेला भाग कापायचा, दोन्ही टोकं सोलायची, झाळून जोडायची. हे खरं तर योग्यच काम. फक्त जोडणीवर चढवायची श्रिंक ट्यूब जोडायच्या आधी वायरीत ओवून ठेवावी लागते. काकांनी जाळीच्या तारा पिळल्या, आतली तार वेगळी केली, कथलाचा सुबक थेंब सोडला, फुंकर मारली, चष्मा वर केला, आणि ट्यूब समोर टेबलावर पडलेली दिसली. त्यांनी जोड उकलला. पुन्हा झाळलं. या खेपेला ट्यूब पिनेच्या बाजूने ओवायला बघितली. ती पिनेवरून जाईना. तिसऱ्या खेपेला सगळं जमलं, पण दर खेपेला बोटभर वायर कापली गेली होती.

अशा रीतीने चार्जर आखूड होत गेला. सहा फुटांचा चार झाला, चाराचा अडीच. मुलगा टेबलावरून सोफ्यावर आला, सोफ्यावरून गालिच्यावर. शेवटी तो स्विचबोर्डाखाली भिंतीला टेकून बसू लागला, तेव्हा काकूंना वाटलं पोरगं ध्यानधारणेला लागलं. त्यावर उपाय म्हणून काकांनी एक्स्टेन्शन बोर्ड आणला. बोर्डाच्या वायरीलाही मान असते.

एकदा जोडणीत त्यांना तिसरी तार सापडली. केसाएवढी, अगदी आत. "ही फालतू," म्हणून काकांनी ती छाटली. काही कंपन्यांच्या चार्जरमध्ये ती तार लॅपटॉपला सांगते की मी कोण, किती वॅटचा. ती गेल्यावर लॅपटॉप चालू तर झाला, पण हा चार्जर माझ्या ओळखीचा नाही असा संदेश देऊन बॅटरी भरायला त्याने साफ नकार दिला. काकांनी तो संदेश दोनदा वाचला. "आपल्याच घरात राहून ओळख विचारतो," म्हणाले.

एका बाबतीत मात्र काकांना सलाम. भिंतीकडची बाजू, जिथे २३० व्होल्ट असतात, तिथे ते टेपचा तुकडासुद्धा लावत नाहीत. ती वायर फाटली की सरळ नवी आणतात. अडॅप्टरच्या डब्यातून निघते ती वीज एकोणीस-वीस व्होल्टची. तिथे चूक झाली तर बहुधा ठिणगी उडते, डब्याचा हिरवा दिवा लुकलुकतो आणि चार्जर रुसून बंद पडतो. अर्थात अर्ध्या तारा तुटलेल्या असल्या तर उरलेल्यांवर सगळा भार येऊन तो भाग तापतो. हात लावून वायर गरम लागली किंवा जळका वास आला तर तिथे कुठलीही टेप लावू नये, प्लग काढावा. हे काकांचंच वाक्य. शेजाऱ्यांना ते असंच सांगतात. स्वतःच्या घरी ते "जरा कोमट आहे" असं म्हणतात.

२०२२ च्या २४ डिसेंबरला, ग्राहक दिनी, केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. काकांनी बातमी कापून ड्रॉवरच्या आतल्या बाजूला चिकटवली. टेपने. उरलेल्या आयुष्याला अधिष्ठान मिळालं असं त्यांना वाटत असतानाच घरात टाइप-सी आलं. युरोपात २८ एप्रिल २०२६ पासून नव्या लॅपटॉपांना ते सक्तीचं, हे मुलाने सांगितलं तेव्हा काका गप्प झाले. त्या इवल्या पिनेत चोवीस टोकं, आणि जास्त करंटच्या वायरीत तर एक चिपसुद्धा. "वायरीला अक्कल कशाला हवी?" त्यांनी विचारलं. मग खिडकीकडे हात केला. त्या दिशेला, बरंच लांब, जंतरमंतर आहे. "ते सम्राट यंत्र बघ. दगडाचं. तीनशे वर्षं होत आली, दोन सेकंदांपर्यंत वेळ सांगतं. एक वायर दाखव त्याला."

"बाबा, ढग आले की बंद पडतं ते," मुलगा म्हणाला.

"दुरुस्ती लागत नाही ना?"

हे घर तरी चालतं कसं, असं कुणाला वाटेल. ते सूनबाईंमुळे चालतं. काकांचा जोडलेला चार्जर टेबलावर दिसेल असा लावलेला असतो, हिरव्या दिव्यासकट. त्याची पिन लॅपटॉपाच्या मागे नुसती टेकवलेली असते. खरा चार्जर पडद्यामागून येतो. तो सूनबाई एम. आय. रोडवरच्या जयंती मार्केटमधून आणतात आणि पिठाच्या डब्यामागे ठेवतात. काका रात्री येऊन लॅपटॉपावर शंभर टक्के बघतात आणि समाधानाने झोपायला जातात.

एका दुपारी पडदा धुवायला काढला आणि बिंग फुटलं. सूनबाईंनी श्वास रोखला. काका रागावले नाहीत. नव्या चार्जरची वायर त्यांनी बोटांतून हळूहळू फिरवली, मान वाकवून बघितली, "चांगला आहे. पण हा फाटायची वाट कशाला बघायची?" म्हणाले आणि घेऊन गेले. संध्याकाळी चार्जर परत आला तो दोन्ही मानांवर दोरा, दोऱ्यावर स्प्रिंग, स्प्रिंगवर ट्यूब आणि त्यावर पिवळी टेप लेवून, डब्याभोवती करकचून बांधलेला. वॉरंटीचा स्टिकरही टेपखाली गेला होता, तो खराब होऊ नये म्हणून.

तीन आठवड्यांनी सूनबाई जयंती मार्केटच्या त्या दुकानात गेल्या. दुकानात गर्दी होती. त्यांनी पिशवीतून चार्जर काढायच्या आतच दुकानदाराने पिवळी टेप बघितली, काउंटरखाली हात घातला आणि डबा पुढे सरकवला.

"भाभीजी, अंकलजी वाला तो मैं अलग ही रखता हूँ. दो दे दूँ?"