तयार किल्ला
शिवनेरी, हडसर, चावंड उशाला असताना दिवाळीत बाजारातून प्लास्टर ऑफ पॅरिसचा रंगवलेला किल्ला घरी आणायचा, याला दूरदृष्टी लागते. ओतूरकरांचे कौतुकच करायला हवे. नाहीतर माती चाळा, गोणपाट चिखलात बुचकळून दगडविटांवर पसरा, अळीव पेरून कोंब फुटायची वाट बघा. पोरांच्या नखांत माती जाते ती वेगळीच! तयार किल्ल्याला बुरूज आहे, तटबंदी आहे, बुडाला किमतीची चिठ्ठीही आहे. तो नेमका कोणता, हे मात्र विचारू नये.

२०२५ मध्ये शिवनेरी युनेस्कोच्या यादीत गेला. आता त्याची डागडुजीही हे तयार किल्ले करणाऱ्या कारागिरांकडे सोपवावी, म्हणजे सहलीला आलेल्या मुलांना तो ओळखू तरी येईल.